थंडाव्याची सोय

दरडीखाली घर गेल्यावर बनुबाईला "तात्पुरता" म्हणून पत्र्याचा कंटेनर मिळाला होता. त्यातला हा पाचवा उन्हाळा. ऊन चढलं की ती छपरावर ओली गोणपाटं टाकायची आणि दाराशी बसायची. आज आत तिचा लेक सुहास घामानं निथळत लॅपटॉपवर मीटिंगला बसला होता. त्याच्या मुंबईतल्या कंपनीला अवकाशात डेटा सेंटर पाठवायचं होतं. "सर, तिथं हवाच नाही, त्यामुळे उष्णता सहजासहजी निघून जात नाही. कॉम्प्युटर तापून बंद पडतील. आधी ते थंड ठेवायची सोय करू, तोवर एकही वर पाठवायला नको." पलीकडून सगळ्यांनी लगेच होकार दिला. बनुबाईनं सुकलेलं गोणपाट बादलीत बुडवलं. "तिकडं वर माणसं राह्यला जानार हायत काय रे?" "नाय गो आये. नुसते कॉम्प्युटर." तिनं गोणपाट काठीनं छपरावर चढवलं. पत्रा चरचरला. "तरीच."