सासऱ्यांनी केलेला खण

धाकट्या नणंदेचं लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांनी जेवणघरात भिंतीतला खण केला. उभा जन्म सुतारकाम केलेला हात तो. वायरीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. सगळ्यांचे फोन आत ठेवायचे, आतच चार्ज व्हायचे. आवाज बाहेर येऊ नये म्हणून चारी बाजूंनी जाड फोम लावला होता.

"आता जेवताना माणसाचं माणसाला ऐकू येईल," ते म्हणाले. ताटं मांडली की फोन खणात, आणि शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत खण उघडायचा नाही, हा नियमही त्यांचाच.

त्या रविवारी ते खणाला पितळी मूठ आणायला कोपऱ्यावर गेले. एकला ताटं मांडली, फोन आत गेले. सव्वा झाला, तरी त्यांचा पत्ता नाही.

"अहो, फोन करून बघू का?" सुनेने विचारलं.

"खण उघडलास आणि तेवढ्यात दारात उभे राहिले तर? दिवसभर तोंड फुगवून बसतील. मूठ पारखत बसले असतील, येतील."

दीड वाजला. भात गार झाला.

"बोलणी मी खाईन," म्हणत तिने खण ओढला.

दोघांच्या फोनवर मिळून सासऱ्यांचे अकरा कॉल होते. शेवटचा एक वाजून अठरा मिनिटांचा.

सासरे त्या रविवारी दुपारी एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास गेले, आपल्याच इमारतीच्या जिन्यात, एक मजला खाली.