आखाजीचा झोका

काळ्या चष्म्याचा तो म्हातारा पुन्हा मागे उभा होता.

रत्नाने त्याला आधी तिकिटाच्या खिडकीजवळ पाहिलं, मग ड्रॅगन ट्रेनपाशी, मग रसवंतीवर. धोतर, टोपी, काखेत घट्ट धरलेली पिशवी. पिशवीवर सोनगीरच्या कुठल्याशा भांड्यांच्या दुकानाचं नाव. अशा ठिकाणी म्हातारी माणसं नातवंडांच्या चपला सांभाळत बसतात; याच्याजवळ ना नातवंड, ना चपला. एकाही पाळण्यात तो बसला नव्हता. तो फक्त त्यांच्या पोरीकडे, मेघाकडे बघत होता.

"अहो, तो माणूस आपल्या मागे लागलाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"गर्दी आहे, रत्ना. इथे सगळेच सगळ्यांच्या मागे आहेत," प्रेमराज म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकावला.

एरंडोलच्या पुढे हायवेला हा पार्क झाला तेव्हापासून प्रेमराज दर आखाजीला दोघींना पिंप्राळ्याहून इथे आणायचा. आखाजीला खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, निंबाला दोर बांधून झोके घेतात, गाणी म्हणतात. रत्नाचे आईबाप ती लहान असतानाच गेलेले. मामाने वाढवलं, लग्न लावून दिलं आणि हात झटकले. माहेर नाही तर नाही, झोका तरी घे, असं प्रेमराजचं म्हणणं. मनाचा चांगला होता बिचारा. पण रत्नाला उंचावर गरगरायचं. मग झोके घ्यायची मेघा, आणि रत्ना खाली जीव मुठीत धरून उभी राहायची.

मेघा म्हणजे तिचा जीव की प्राण. दुसरं मूल नको, हे रत्नानेच ठरवलं होतं. सकाळी गेटवर लोकांच्या भाकऱ्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याने पोरीचे घारे डोळे बघून विचारलं होतं, "कोणावर गेली हो ही?"

"आईवर," रत्ना म्हणाली. त्याने तिच्या काळ्याभोर डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि जेवणाचा डबा काढून घेतला.

आकाशपाळण्याची रांग पुढे सरकली. लहान मुलाबरोबर मोठं माणूस हवंच, असा तिथला नियम. प्रेमराज बसणार होता. पण ऐन वेळी त्याचा फोन वाजला आणि "आलोच" म्हणून तो बाजूला गेला. पाळणेवाल्याला तेवढा धीर कुठला! त्याने मेघाला उचलून आत बसवलं आणि मागे पाहिलं.

"आबा, नातजोडे बठा पटकन. खोळंबा करू नका."

म्हातारा बसला. समोरचा दांडा खटकन लागला.

"अहो, ते आमचे नाहीत! थांबवा!" रत्ना ओरडली. कर्ण्यावरच्या गाण्यात तिचं ओरडणं तिलाही नीट ऐकू आलं नाही.

पाळणा वर निघाला. रत्नाने गळ्यातला, बाईचा चेहरा कोरलेला चांदीचा टाक मुठीत आवळला. संकट आलं की तिचा हात तिथेच जायचा. नवी साडीसुद्धा ती आधी त्या टाकाला दाखवल्याशिवाय नेसत नसे.

"सांभाळ गं बाई, पोरीला सांभाळ," ती पुटपुटली.

अगदी वर जाऊन पाळणा क्षणभर थांबला. म्हातारा मेघाच्या कानाशी वाकलेला दिसला. मेघाने मान हलवली. मग त्याने पिशवीत हात घातला, आणि रत्नाने डोळेच मिटून घेतले.

पाळणा खाली आला तेव्हा मेघा सांजोरी खात होती. रत्नाने तिला हिसकून बाहेर ओढलं, हातातली सांजोरी मातीत फेकली.

"काय म्हणाला तो?"

"आबांनी विचारलं, मम्मी मारते का."

रत्नाने तिचे खांदे धरले. "मग?"

"मी सांगितलं, मारते. अभ्यास नाही केला की मारते. मग स्वतःच रडत बसते, आणि मला तिचे डोळे पुसावे लागतात."

म्हातारा सावकाश उतरत होता. रत्ना पदर खोचून त्याच्यासमोर उभी राहिली.

"सकाळपासून बघतेय मी. कोण तुम्ही? माझ्या पोरीला पुन्हा हात लावला तर चपलेने बडवीन. वय बघणार नाही, सांगून ठेवते!"

माणसं जमली. तेवढ्यात प्रेमराज गर्दीतून धावत आला. आता हा म्हाताऱ्याची गचांडी धरणार, असं सगळ्यांनाच वाटलं. प्रेमराजने वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मीच बोलावलं यांना," तो रत्नाची नजर चुकवत म्हणाला.

"जवाईबापूवर चिडू नको," म्हातारा म्हणाला. "तुमनं लगीन झाये तवयपासून मी रुसीसन बठेल व्हतू. घर उनू असतू ते तू ग्वाडच बोलती. म्हनीसन तू पोरले कशी सांभाळस ते आठे दखाले उनू."

त्याने काळा चष्मा काढला. डोळे घारे होते, आणि भरून आले होते. पिशवीतून त्याने एक कोरी साडी काढून रत्नापुढे धरली. पण बघत होता तो तिच्या मुठीकडे. रत्नाने मूठ उघडली. टाकावरच्या बाईच्या चेहऱ्यावरून त्याने अंगठा फिरवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"आखाजी शे, पोरी. मनी लेक सुलक्षणा देवाघर जाईसन पाच वरीस झायात, ती माहेरले उनी नही. तिले गयामा ठेव, तिनी पोरले कडवर ले, अन् चाल मनासंगे. तुनं माहेर बी तठेच शे."