होडीवरचं नाव

भरतीबरोबर होडी एकटीच परत आली, तेव्हा हौसा गेल्याचं गावाला कळलं. आत चिंबोऱ्यांची टोपली होती आणि चिंबोऱ्या जिवंत होत्या. वल्हं नव्हतं. दुसऱ्या दिवशी हौसा तिवरांत सापडली.

तिच्या नवऱ्यानं, पुंडलिकनं, होडी बांधावर पालथी घातली. त्यानंतर तो त्या वाटेनं गेलाच नाही. होडी ॲल्युमिनियमची होती, त्यामुळे कुजली नाही. चिखलात रुतली, पोचे आले, पत्रे जोडणाऱ्या शिवणीवरच्या रिबिटा खाऱ्या पाण्यानं खाल्ल्या, एवढंच.

मग एकदा मैना माहेरी आली. ती त्यांची एकुलती लेक. खाडीपलीकडच्या मिठागरावरच्या जगनशी लग्न केलेली, आणि आता पोटुशी.

"बाबा, होडी नीट करा. ह्यांना कामाला येईल."

"ती होडी नको गो."

"का? आयनं माझं नाव खरवडलं म्हणून?"

 ते खरंच होतं. रोह्याच्या हैबतरावांकडून होडी आणली तेव्हा पुंडलिकनं कौतुकानं तिच्यावर लेकीचं नाव घातलं होतं. पुढं मैनाचं लग्न ठरलं. जगन हौसाला पसंत नव्हता, घरात रोज भांडण. त्याच महिन्यात एका सकाळी पाहिलं तर 'मैना' गेलेलं आणि त्या जागी वाकड्यातिकड्या अक्षरांत 'हौसा'. नाव इतकं जोरानं खरवडलं होतं की पत्र्यावर ओरखडे उठले होते. विचारलं तर म्हणाली, "माझी होडी, माझं नाव." वर मैनाला होडीला हात लावायचीही बंदी केली. मायलेकी त्यानंतर बोलल्या नाहीत ते नाहीतच.

"मी तिच्या मनातनं उतरले ती उतरलेच," मैना म्हणाली.

"तसं नसंल."

"मग कसं होतं, सांगा तरी."

 पुंडलिकला एकच सुचलं. होडी पहिल्यासारखी करायची, तिच्यावर पुन्हा मैनाचं नाव घालायचं. लेकीच्या मनातलं एवढं तरी निघावं.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. लाकडी हातोडीनं पोचे काढले, सैल रिबिटा उडवून नव्या ठोकल्या, तळाला पत्र्याचं ठिगळ मारलं. सुट्टीच्या दिवशी जगन यायचा.

"मामा, ही होडी हाय का दुधाचं पातेलं?"

"पातेलंच. तू बसलास की नासायचं."

जगन हसायचा आणि घासायला बसायचा.

रंग निघाला तसं पुंडलिकच्या एक ध्यानात आलं. हौसाच्या नावाखाली आणखी अक्षरं होती. रंगाखालचा पत्रा पांढरा राहिलेला, भोवतालचा काळवंडलेला, त्यामुळे रंग गेला तरी वाचता येत होतं. जगननं वाचलं, "रंभा. आणि हे खालचं... चंद्रावती."

"जुन्या मालकांच्या घरच्या बाया असतील."

"ह्या होडीवर बायांचंच राज्य, मामा."

पॉलिश पेपरनं किती घासलं तरी ती नावं जाईनात. सकाळी दवानं पत्रा ओला झाला की हौसाचं धरून तिन्ही एकात एक उठून दिसत. आतल्या बाजूनं त्या जागेला हात लावला तर कायम ओल लागायची. पुंडलिकनं भोक शोधलं. भोक नव्हतं. त्यानं तिथं दोनदा एमसील भरलं. ओल तशीच.

शेवटी रामवाडीहून ट्रकवर नावं काढणारा पेंटर आणला. त्यानं पिवळ्या पट्ट्यावर लालभडक 'मैना' काढलं, खाली दोन मासे काढले. रंगाखालची नावं दिसेनाशी झाली. मैना नावावरनं बोट फिरवत राहिली, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आता आय काय म्हणंल?"

"काय म्हणायची नाय," पुंडलिक म्हणाला.

पहाटेच्या भरतीला होडी पाण्यात लोटली. मैनानंच नारळ वाढवला. होडीत थेंबभर पाणी आलं नाही. आतली ओलसुद्धा गेली होती.

"बाबा, आज आम्ही आमच्या होडीतनं घरी जाणार. सांजच्या भरतीला."

इतक्या दिवसांनी लेक मोकळं हसली. पुंडलिकला हलकं वाटलं. प्रसादाचं खोबरं पूर्वीच्या मालकाला द्यावं म्हणून तो दुपारच्या गाडीनं रोह्याला गेला.

हैबतराव शेतावर गेले होते. घरी त्यांची बहीण कृष्णाबाई होती. वाट बघण्यात दुपार गेली. तिनं चहा ठेवला.

"होडी ठेवलीत तुमी? मला वाटलं, मोडीत घातली असंल."

"चांगली हाय की. नवी केली. रंग काढला तर खाली तुमच्यातलं नाव दिसलं. रंभा."

"माझी वहिनी. त्याच होडीतनं गेली." कृष्णाबाईनं कपबशी पुढं केली. "आन् खालचं चंद्रावती. आमच्या आधीच्या मालकाची सून. तीबी त्यातनंच. नाव वर असंल ती जाते. तुमाला ठाव हाय की सगळं."

"मला कोण सांगणार?"

"हौसाबाई बोलली नाय? आलेली ना इथं, लेकीच्या लग्नाआधी. तिलाबी ती नावं दिसलेली. नाव पुसलं तर चालंल का, म्हणाली. मी म्हटलं, आमी पुसून बघितलं, पुसल्यानं काय होत नाय. त्याच्यावर दुसरं घातलं तरच पहिली सुटते. तर हसली. म्हणाली, साक्षरतेच्या वर्गात मला एकच नाव लिहायला शिकवलंय."

पुंडलिक बशी तशीच ठेवून उठला. बाहेर उन्हं उतरली होती. तिकडं खाडीला पाणी चढलं असणार.

मैनाच्या नावावर आपलं नाव घालायचं राहिलं होतं.