तिसरी बाटली

“हेच थेंब दे,” म्हणत साळवे सरांनी रिकामी बाटली काउंटरवर ठेवली.

महिन्यातली ही तिसरी. भोकरदनच्या बस स्टँडसमोर भारतचं मेडिकल होतं. हसनाबादच्या शाळेत त्याला गणित शिकवलं होतं ते याच सरांनी. पहिल्या दोन बाटल्या त्याने काही न विचारता दिल्या होत्या. आज मात्र त्याचा हात कपाटाकडे गेला नाही. सर बोलताना त्यांचं तोंड डावीकडे ओढलं जात होतं. उजवा डोळा नीट मिटत नव्हता. उजव्या कानातला कापूस पिवळा पडला होता.

“सर, दुखतंय किती?”

“आठ दिवस झाले, डोळ्याला डोळा न्हाई. तू थेंब दे, माझी बस जाईल.”

“शुगर तपासली का?”

“शुगर बराबर असते माझी.”

भारतने वाद घातला नाही. यंत्र काढलं, सरांचं बोट धरलं आणि सुई टोचली. चारशे बारा. सर त्या आकड्याकडे बघतच राहिले.

“थेंब देणार न्हाई मी,” भारत दुकानाचं शटर ओढत म्हणाला. “गाडीत बसा. जालन्याला जायचंय.”

“तू मला शिकवून राह्यला का?”

“हो, सर.”

जालन्याच्या डॉक्टरांनी कान पाहिला, स्कॅन काढला. ही कानाची साधी सूज नव्हती. जंतू कानाच्या नळीतून कवटीच्या हाडापर्यंत पोचले होते. चेहऱ्याची नस त्यात सापडली होती. उतारवयात साखर अशी वाढलेली असली की शरीराला लढता येत नाही, डॉक्टर म्हणाले. अजून पंधरा दिवस थेंबांवर काढले असते, तर माणूस हाती लागला नसता.

सहा आठवडे शिरेतून इंजेक्शनं चालली. मुलगी प्रियदर्शनी पुण्याहून येऊन-जाऊन होती; घरात शुगरच्या गोळ्या तशाच पडून आहेत, हे तिनेच भारतला सांगितलं. भारत दर रविवारी जायचा. हळूहळू ठणका थांबला, डोळा मिटू लागला. तोंडाचा वाकडेपणा थोडा राहिलाच.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद दिला. सरांनी तो न वाचताच भारतपुढे धरला. इतके दिवस गप्प राहिलेल्या भारतला आता राहवेना.

“सर, तुम्ही शिकलेलं माणूस. शुगरच्या गोळ्या बंद केल्याच कशा?”



“मी कुठं बंद केल्या? तुझी काकू रोज सकाळी हातावर गोळी ठेवायची, मी गिळायचो. कशाची आहे, तेही कधी विचारलं न्हाई. जानेवारीत ती गेली. मंग हातावर कोणी ठेवलीच न्हाई.”