करेक्ट, नेक्स्ट

"वाक्य ऐकायचं, गोष्ट नाही. गोष्टीत रमलीस की चूक हातातून निसटते." पहिल्या नोकरीत थोरल्या बाईंनी घालून दिलेला हा धडा इंग्रजीच्या बाईंनी जन्मभर पाळला होता. आजही फळ्यापाशी उभ्या राहून त्या समोर बसलेल्या मोठ्या माणसांची फक्त वाक्यं ऐकत होत्या.

धडा 'हूज'चा होता. "आपल्याकडे ज्याचा, जिची, ज्यांचं असा केवढा पसारा. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच हूज," बाई म्हणाल्या. "आता ओळखीच्या माणसावर एकेक वाक्य करा."

टॅक्सीवाला उठला. "आय नो अ मॅन विच हिज वाइफ इज अ पोलीस."

"विच हिज नाही. हूज वाइफ."

"शब्द बदल रे, बायको बदलू नकोस. पोलीस आहे ती," मागून न्हावी म्हणाला. वर्ग खिदळला. बाईंनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. या बॅचनंतर लगेच दुसरी होती.

मग कडेची नर्स उठली. परदेशातल्या नोकरीच्या मुलाखतीची तयारी करायला ती इस्पितळाची पाळी संपवून यायची. एरवी तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. आज मात्र ती एकेक शब्द जपून टाकत बोलली, "आय नो अ लेडी हूज डोअर इज ओपन ऑल डे."

"करेक्ट. नेक्स्ट."

नर्स लगेच बसली नाही. बाईंकडे पाहत राहिली. मग खाली बसली.

पुढची वाक्यं सुरू झाली, पण ते वाक्य बाईंना दातात अडकलेल्या कणासारखं सलू लागलं. दार दिवसभर उघडं? कुणी आत शिरलं तर? घरात दुसरं कुणी नसेल का? फळ्यावर लिहिताना खडू मोडला. न्हाव्याच्या धडधडीत चुकलेल्या वाक्यालाही त्या 'करेक्ट' म्हणून गेल्या, तेव्हा तो बिचारा स्वतःच चक्रावला.

वर्ग सुटला तशी बाईंनी नर्सला जिन्यात गाठलं.

"त्या दार उघडं ठेवणाऱ्या बाई कोण हो?"

"आजी आहेत एक. सकाळी इन्शुलिन द्यायला जाते मी त्यांच्याकडे."

"एकट्याच असतात?"

"एकट्याच. गुडघे गेलेत. म्हणतात, लेक यायचीय, मी उठून कडी काढेपर्यंत ती माघारी गेली तर? परवा कुत्रं शिरलं स्वयंपाकघरात. या पलंगावरून हाड हाड करतायत. तरी दार लावू देत नाहीत."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "आणि लेक कुठं उलथलीय?"

"याच शहरात आहे. येते म्हणून कबूल केलंय तिनं. कामं संपत नाहीत."

"कामं? आईपेक्षा कसली आलीत कामं? आणि तुम्ही गप्प कशा बसता? उद्या त्या पडल्याबिडल्या तर? चांगलं तोंडावर सांगा तिला. एरवी तुमची जीभ काय कमी चालते?"

नर्सनं पर्सचा पट्टा खांद्यावर सारखा केला. जिन्यावरून दुसऱ्या बॅचची माणसं वर येत होती. त्यांना वाट देत ती भिंतीला टेकली.

"आजींनी शपथ घातलीय बाई. लेकीला सांगायचं नाही, तिचं शिकवण्यातलं लक्ष उडेल म्हणाल्या. शपथ मोडवत नाही मला." तिचा आवाज खाली आला. "या वर्गाचा पत्ताही त्यांनीच दिला. रोज विचारतात, काल काय शिकवलं तिनं? म्हणून आज नाव न घेता सांगून टाकलं. तुम्ही करेक्ट म्हणालात."

वर बाक सरकल्याचे आवाज आले. कुणीतरी बाईंना हाक मारली.

बाईंनी वर्गाची किल्ली नर्सच्या हातात ठेवली. "त्यांना म्हणावं, आज वर्ग नाही." मग कठडा धरून त्या सावकाश जिना उतरल्या, आणि आईच्या घराच्या रस्त्याला लागल्या.