उरलेले दोन आकडे

स्तामेना नव्वदाव्या वर्षी गेली, तेव्हा तिच्या नावाचा दगड गावच्या दफनभूमीत त्रेपन्न वर्षांपासून उभा होता. १९७१ साली नवरा गेला, तेव्हा दोघांचा मिळून तो एकच दगड केला होता. त्यावर तिचं नाव होतं, जन्मसाल होतं आणि मृत्यूच्या सालाचे पहिले दोन आकडे होते : १९. पुढची जागा मोकळी. दर वर्षी दगड पुसताना ती हसायची, "बिचारा अजून वाट बघतोय माझी!"

आता ते '१९' बुजवून २०२४ कोरायचं होतं. मुलगी रादोय्का म्हाताऱ्या पाथरवटाकडे, वुकाशिनकाकांकडे गेली. काकांनी आधी स्तामेनाच्या नावाने थोडी दारू जमिनीवर सांडली, मग दोन पेले भरले.

"काका, एवढी कसली घाई झाली होती हो तुम्हाला, आकडे आधीच कोरायची?"

"मला कसली घाई, पोरी? तुझ्या आईलाच अख्खं साल हवं होतं. 'एकाहत्तर लिहून टाका, मी काही हे वर्ष काढत नाही,' म्हणाली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता, म्हणून मी घाबरलो. दोन आकडे कोरले आणि म्हटलं, छिन्नी बोथट झालीय वहिनी, पुढच्या आठवड्यात या."

रादोय्का तेव्हा दीड वर्षाची होती. हे तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

"मग? आली ती?"

"आली की. तुला कडेवर घेऊन आली. म्हणाली, पोरांसाठी एक खोली वाढवतेय, उंबऱ्याला चांगला टिकाऊ दगड दाखवा."