तीन ते चारचा तास

बाई जाग्या झाल्या तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच वाजले होते, आणि त्यांचा तास तीन ते चारचा होता.

मान आखडली होती. मांडीवरची वही घसरून फरशीवर पडली होती. समोरच्या बाकावर पंक्चरवाला बसला होता आणि त्यांच्याकडेच बघत होता.

"कधीपासून बसलायस?"

"साडेतीनपासून, बाई."

"आणि मला उठवलं नाहीस?"

"नाही."

नुसतं 'नाही'. ना सबब, ना ओशाळणं. सातवीत बाईंनीच त्याला नापास केलं होतं, तेव्हाही तो असाच ढिम्म उभा होता.

बाई धावत आयसीयूच्या काचेच्या दाराशी गेल्या. आत सर, बाईंचे यजमान, निजले होते. त्यांची छाती मशीन हलवत होतं. सिस्टरनं दार किलकिलं केलं. "तसेच आहेत हो. कमी नाही, जास्त नाही."

बाई परत येऊन खुर्चीत बसल्या. साखळी तुटली होती. आणि तोडली कुणी? त्यांनी!

सरांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याला नऊ दिवस झाले. त्याच सकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची साखळी ठरली. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, बारा तास, बारा माणसं. वही अर्थातच बाईंनी घातली. मुख्याध्यापिका म्हणून चौदा वर्षं हजेरी घेतलेला हात. रकाने आखले, नावं लिहिली, लाल पेन खोचून ठेवलं. तास संपला की फोन. "झाली? किती मिनिटं? गुडघ्यांवर की खुर्चीत?" मग बरोबरची खूण, नाहीतर फुली.

पण खूण केली म्हणून विश्वास ठेवायचा की काय? बाईंना एकेकाची पात्रता ठाऊक होती. शिंपीणबाईंच्या प्रार्थनेत मागून शिलाई मशीनची खडखड ऐकू यायची. दातांचे डॉक्टर दोन पेशंटांच्या मधे देवाला बसवायचे. धाकटी जाऊ सोफ्यावर पडल्या पडल्या मागायची, जणू देव हिच्या घरचा गडी. टपालखात्यातून निवृत्त झालेले आजोबा 'हे प्रभू' म्हणून पुढचं विसरायचे. आणि हा पंक्चरवाला! बाप्तिस्मा होऊन तीन वर्षं झाली नाहीत, वाचताना अजून ओळीवरून बोट फिरवतो. असल्या गवताच्या दोरीवर नवऱ्याचा जीव टांगायचा?

शिवाय कुणालाही विचारा, उत्तर एकच. "मागितलं, बाई, अगदी मनापासून. तुम्ही जेवलात का? डोळा लागला का जरा?" अभ्यास झाला नसला की पोरं बाईंच्याच तब्येतीची चौकशी करतात, हे काय त्यांना नवं होतं!

म्हणून बाईंनी कुणाला न सांगता बाराही तास स्वतः धरले होते. दुसऱ्याचं नाव वहीत, गुडघे त्यांचे. साखळी म्हणायची एवढंच. सगळ्या कड्या त्यांच्याच होत्या. सहानंतरही त्या जाग्याच राहायच्या, कारण बारा तासांच्या पलीकडे देवानं काय करावं हे कुणीच ठरवून दिलेलं नव्हतं. नऊ दिवसांत खुर्चीला पाठ म्हणून टेकवली नव्हती.

आणि आज स्वतःच्या तासाला त्या घोरत पडल्या होत्या.

पंक्चरवाल्यानं वही उचलून पँटला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. कव्हरवर काळ्या बोटांचा ठसा उमटला.

"चार ते पाच तुझा तास चालू आहे," बाई कडाडल्या. "आणि तू माझं तोंड बघत बसलायस?"

"माझा तास मी रोज इथंच करतो, बाई. खाली पायऱ्यांवर. आज सिस्टर म्हणाल्या, बाईंचा डोळा लागलाय. म्हणून बघायला वर आलो."

"बघायला! एक माणूस आत मरणाशी झुंजतोय, आणि तुला तमाशा सुचतोय? उठवता येत नव्हतं?"

"कसं उठवणार?" तो म्हणाला. "नऊ दिवस आम्ही अकराजण हेच तर मागत होतो."

बाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं होतं, स्वतःच्या नावापुढे फुली मारायला. हात तसाच राहिला.

"काय मागत होतात?"

"तुम्हाला झोप लागावी म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हाला बोलावून घेतलं होतं. म्हणाले, माझं मी येशूवर सोपवलंय, माझी काळजी करू नका. हिला मात्र ते जमत नाही. तुम्ही तेवढं हिच्यासाठी मागा. हिला टेकता येऊ दे."

व्हरांड्यातून कुणीतरी ढकलगाडी नेत होतं. तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"आणि ह्यांच्यासाठी?" त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता. "ह्यांच्यासाठी कुणीच नाही मागितलं?"

"तुम्ही होतात की, बाई. बाराही तास. आम्हाला माहीत नव्हतं होय?"

बाईंच्या खांद्यांतून काहीतरी सुटलं. पाठ आपोआप खुर्चीला टेकली. काचेपलीकडे सर तसेच होते, कमी नाही, जास्त नाही, आणि ते कुणाच्या हातात आहेत हे बाईंना आजच पहिल्यांदा कळत होतं.

पंक्चरवाल्यानं त्यांच्या बोटांतून लाल पेन अलगद काढून घेतलं. वहीवर वाकून, बोट फिरवत फिरवत, त्यानं आजची तारीख शोधली. मग तीन ते चारच्या रकान्यात, बाईंच्या नावापुढे, बरोबरची खूण केली.